डेबियनच्या इलेक्शनला उभं कोण राहणार?

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या प्रोजेक्ट लीडरची म्हणजे प्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते आणि दरवर्षी कुणीतरी हमखास रडगाणं लावतं, की बघा, हजारेक मेंबर आणि मत देणारे तीनशे-चारशे. मला काही त्यात एवढं वाईट दिसत नाही. कोरमचं, म्हणजे किमान किती मतं पडायला हवीत त्याचं, गणितच असं आहे की मेंबरांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दीडपट करायची, म्हणजे 1000 लोक असले तर 50 च्या आत भागतं. आणि मत द्यायचं म्हणजे नुसतं बटण दाबायचं नाहीये, ईमेलने बॅलट येतो, प्रत्येक नावाशेजारच्या चौकटी कंसात 1, 2, 3 असा पसंतीक्रम टाकायचा, मग आपल्या जीपीजी कीने (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) साइन करून परत पाठवायचा, सही जुळली नाही तर मत धरत नाहीत. फुकटात काम करणारी माणसं एवढं करतायत, अजून काय पाहिजे?

मेंबरशिप पण वर्गणी भरून मिळत नाही. आधी काम दिसलं पाहिजे, जुन्या डेव्हलपरांकडून आपली जीपीजी की साइन करून घ्यायची, मग प्रश्नोत्तरं. 2010 ला ठराव झाला की पॅकेजिंग (सॉफ्टवेअर डेबियनमध्ये बसेल असं बांधून देणं) न करणारे, म्हणजे भाषांतरवाले, डॉक्युमेंटेशनवाले, यांनाही मतासकट मेंबर करायचं. उशीरच झाला खरं तर.

माझी तक्रार वेगळीच आहे. 2019 ला अर्जाची मुदत संपली तरी एकही नाव नाही! आठवडाभर मुदत वाढवली तेव्हा कुठे लोक पुढे आले आणि सॅम हार्टमन निवडून आले. सोसायटीच्या एजीएमसारखंच, बोलायचं सगळ्यांना असतं, सेक्रेटरी कोण होणार म्हटलं की जो तो चपला शोधायला लागतो. पगार नाही, वर्षभर मेल आणि भांडणं मिटवणं, कोण हौसेने येईल?

2023 ला एकटे जोनाथन कार्टर. बिनविरोध म्हणून हार घालून मोकळे होत नाहीत हं, मतदान होतंच, कारण बॅलटवर 'वरीलपैकी कोणी नाही' कायम असतं आणि त्याच्या खाली गेलात तर एकटे असूनही पडलात. (आपल्याकडे 2013 ला नोटा आला, पण त्याला असले दात कुठे.)

केरळच्या श्रुती चंद्रन 2020, 2021, 2024 आणि 2025 ला उभ्या राहिल्या, त्या चारही वेळा निवडून नाही आल्या, पण 2024 ला त्या नसत्या तर आंद्रेआस टिले एकटेच उरले असते.