तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात हसण्यासारखं काय आहे?

“मॅडम, तुम्ही शाळेत मुलांना शिकवता आणि घरी माणसं मारायचे गेम खेळता?” पालकसभा संपल्यावर एका आईनं विचारलं. त्याआधी स्टाफरूममध्ये विचारून झालं होतं, त्याआधी सासूबाईंनी विचारलं होतं. आत्या दर दिवाळीला विचारते आणि तिचा प्रश्न सगळ्यांत थेट असतो: “त्यात हसण्यासारखं काय आहे गं?” आजवर समोरच्याला पटेल असं उत्तर मी देत आले. सासूबाईंना वेगळं, मुख्याध्यापकांना वेगळं. आता मला पटतं ते सांगते.

खेळ म्हणजे ‘बॉर्डरलँड्स 2’ हा व्हिडिओ गेम. टेक्सासच्या गिअरबॉक्स कंपनीनं 2012 च्या सप्टेंबरमध्ये काढलेला. माझ्या पाठीमागून जाता-जाता तुम्ही पडद्यावर जे पाहिलंत ते तिथे खरोखरच आहे. डोकी फुटतात, माणसं पेटतात, आणि खेळ त्यावर विनोद करतो. फेस मॅकशूटी नावाचा एक माणूस ‘माझ्या तोंडावर गोळी घाल’ म्हणून ओरडत उभा असतो. गोळी घातली की तेवढंच काम, बक्षीस मिळतं. मी त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा मोठ्यांदा हसले होते, आणि ते हसू मी लपवणार नाही.

पूर्वी मी म्हणायचे, अहो, हा तर बड्या कंपन्यांवरचा उपहास आहे. हे वाक्य स्टाफरूममध्ये चांगलं चालायचं. खोटंही नव्हतं. पँडोरा नावाच्या ग्रहावर हँडसम जॅक हा हायपेरियन कंपनीचा मालक राज्य करतोय. तो तुमच्या जिवावर उठलाय, तुम्हाला मारायला आकाशातल्या तळावरून यंत्रमानव पाठवतो. तुम्ही मेलात की जवळच्या न्यू-यू नावाच्या यंत्रातून पुन्हा जिवंत होऊन बाहेर येता, आणि खिशातल्या पैशांतले 7 टक्के कापले जातात. ते यंत्र कोणाचं? हायपेरियनचंच. मारणारी कंपनी तीच, उठवणारी तीच, पैसे घेणारीही तीच. यंत्रातून एक बाई गोड आवाजात तुमच्या मरणाबद्दल काहीतरी लागेल असं बोलते, तशी ग्राहक म्हणून तुमची दखलही घेते. पहिली दोन-तीन वर्षं मला हा फक्त चलाख विनोद वाटायचा.

मग 2016 साली बाबा गेले.

आत्याला मी हे कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाबांना पहाटे दवाखान्यात नेलं, आणि आत घेण्याआधी काउंटरवर डिपॉझिट भरायला सांगितलं. कार्ड माझ्याकडे होतं, पिन आठवत नव्हता. भाऊ एटीएम शोधत पळाला. पुढचे काही दिवस आयसीयूच्या बाहेर गेले. तिथे डॉक्टर दिवसातून एकदा दोन मिनिटं भेटत, आणि बिलिंगवाले कधीही फोन करत. विम्याच्या कॅशलेसचं अप्रूव्हल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे, अडकलं होतं. बाबा गेले संध्याकाळी. आम्हाला ते कळलं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही. पण त्यानंतर लगेच एक मुलगा फाइल घेऊन आला आणि “फायनल बिल झालं की बॉडी मिळेल” म्हणाला, ते नीट आठवतं. तो वाईट नव्हता. विशीतला असेल, पायात साध्या चपला, मान खाली. त्याला तेवढंच सांगायला पाठवलं होतं.

रात्रभर आम्ही त्या काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. बाबा एक मजला खाली होते. बिलासाठी देह अडवून ठेवता येत नाही, हे मला कितीतरी नंतर कळलं. त्या रात्री ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं भान आम्हाला नव्हतं. सकाळी काकांनी उरलेले पैसे आणले, पावती झाली, क्लिअरन्सचा कागद मिळाला, तो रखवालदाराला दाखवला, मग बाबा मिळाले. पावतीवर हातमोज्यांचे पैसे वेगळे लावलेले मी वाचले. का वाचले, माहीत नाही. डोळ्यांना काहीतरी हवं होतं.

दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीसमोर नंबराची वाट पाहत उभे होतो. बाबांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. तो वाजला. दवाखान्याचा मेसेज होता, बाबांच्या नावानं. उपचारांसाठी आम्हाला निवडल्याबद्दल आभार, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल? मी तो भावाला दाखवला. त्यानं वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, “ताई, न्यू-यू.”

आणि आम्ही हसलो. हसलो म्हणजे आवरेना. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले, पदर तोंडात धरला तरी थांबेना. भाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हलत होता. लोकांना वाटलं आम्ही रडतोय. आत्याला तसं वाटलं नाही. तिनं चेहरा पाहिला होता. ती जवळ आली आणि म्हणाली, “बाप अजून आत गेला नाही आणि तुम्ही दात काढताय?”

आत्या, तुझं बरोबर होतं. तू तुझा भाऊ घालवून उभी होतीस. पण माझंही बरोबर होतं, हे मला आज म्हणायचंय. त्या रात्रभरात आमच्याशी जे वागणं झालं त्याला कोणीच नाव दिलं नव्हतं. सगळे म्हणत होते, “चालायचंच, देवाची इच्छा.” देवाचा काय संबंध? माणसाच्या मरणाचं खातं कोणीतरी उघडून बसलं होतं, आणि ते खोटं बोलत नव्हते, नम्रपणे बोलत होते. ते नेमकं काय होतं, हे आधी सांगून ठेवलं होतं एका खेळानं, आणि विनोद करून सांगितलं होतं. म्हणून ते हसू आलं. आदल्या संध्याकाळपासून मला रडूही आलं नव्हतं. ते आलं त्या हसण्यानंतर.

आता कोणी म्हणेल, मग हे औषधच झालं, ठीक आहे. नाही, एवढं सोपं मी करून देणार नाही. मी हा खेळ बाबांच्या आधीही खेळत होते आणि मला बंदूक चालवायला आवडायचं. टेडिओर या खेळातल्या कंपनीची बंदूक रिकामी झाली की फेकून द्यायची, ती बॉम्बसारखी फुटते आणि हातात नवी येते. पेटी उघडल्यावर नारिंगी रंगाचा उजेड दिसला, म्हणजे दुर्मीळ बंदूक, की अजूनही माझे हात घामेजतात. त्यात उपहास नाही आणि दुःखही नाही. निव्वळ हाव आहे. आणि काही विनोद मला तेव्हाही आवडले नव्हते, आजही आवडत नाहीत. वेड लागलेल्या माणसांना तिथे किंचाळणारे शत्रू करून ठेवलंय, बुटक्या माणसांवर हसलंय. बलवानाची टर उडवणारा खेळ तिथे दुबळ्याची टर उडवतो. स्टाफरूममधली ती मी हा भाग गाळून उपहासाचं वाक्य म्हणायची.

पण जॅककडे पाहा. तो स्वतःला नायक समजतो. लोकांना छळल्याचे किस्से हसत-हसत सांगतो. आणि त्यानं स्वतःच्या मुलीला, एंजलला, वर्षानुवर्षं यंत्राला जोडून ठेवलंय, तेही प्रेमाच्या नावाखाली. तिच्यापर्यंत पोचेतो खेळानं तुम्हाला त्याच्या विनोदांवर हसवलेलं असतं. तिथे ते हसू घशात अडकतं. त्याच जागी तो रोलंडला मागून गोळी घालतो. रोलंड हा आपल्या बाजूचा, सगळ्यांना सांभाळणारा शिपाई. न्यू-यू यंत्र आपल्याला शंभरदा उठवतं, त्याला एकदाही उठवत नाही. ती यंत्रं कथेत धरायची नाहीत, असं खेळाच्या लेखकानं नंतर स्पष्ट केलं. मला ते स्पष्टीकरण नको होतं. पैसे भरून सगळे परत येत नाहीत, हे मला कळलं होतं.

2013 मध्ये या खेळाला एक जोडभाग आला. त्यात तेरा वर्षांची टायनी टीना, जिचे आईबाप हायपेरियनच्या प्रयोगांत गेले, मित्रांना घेऊन पटावरचा खेळ मांडते. सगळे पात्रं करून खेळतात. आणि टीना पुन्हापुन्हा रोलंडला त्या गोष्टीत आणते. मोठे तिला सांगतात, अगं, तो गेलाय. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि पुढचा विनोद करते. तो जोडभाग आम्ही बाबांच्या वर्षश्राद्धानंतर खेळलो, एकाच टीव्हीवर पडदा दोन भागांत करून. मी पडले की भाऊ धावत येऊन मला उठवायचा, तो पडला की मी. टीना शेवटी मान्य करते त्या प्रसंगाला त्यानं आवाज बंद केला. मी पुन्हा चालू केला.

त्या पालक आईंनी पुढे जे विचारलं त्याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. “मग तुमच्या मुलाला द्याल का खेळायला?” माझा मुलगा आता टीनाएवढा आहे. खेळावर 17 वर्षांच्या आतल्यांसाठी नाही असा शिक्का आहे, आणि मी तो पाळते. त्याला ती नारिंगी पेटी इतक्यात उघडू द्यायची नाही. पण आजोबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल तो विचारतो तेव्हा मी आवाज खाली करून “शांतपणे गेले” म्हणते, आणि ते खरं नाही. भाऊ म्हणतो, टीनाचा भाग तरी त्याला दाखव, आपण दोघं शेजारी बसू. आमचं यावरून दोनदा भांडण झालंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.