खर्रेवाल्याचा जबडा एकदाचा हलला

नाताळच्या मांडणीसाठी मी खर्रेवाल्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून विकणाऱ्याच्या, रूपातला नटक्रॅकर (जबड्यात दाणे फोडणारी लाकडी बाहुली) करतोय. त्याचं धड आणि पाय आधीच कातून झाले होते. आता जबडा बसला. खरं काम तेच होतं.

तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण, आटोपला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या सुतारकाकांकडे लाकडी नंद्यांची घाई ओसरते. बाहुली पाहून म्हणाले, "नंदीले काही तोंड उघडा लागत नाही भाऊ, हे काय लफडं आनलं?" पण सागाचा तुकडा लगेच हातात घेतला.

जबडा आणि पाठीवरची तरफ एकाच तुकड्यातून कापली. टोकाशी लाकडाची रेषा आडवी आली की पहिल्याच दाबाला जबडा मोडतो, म्हणून तुकडा तिरपा धरला. गालांतून आरपार पितळी खीळ. पाठीमागची दांडी उचलली की तोंड उघडतं, दाबली की मिटतं. दाणा खिळीच्या जितका जवळ, तितका जोर जास्त. त्यामुळे तोंड खोल कोरलं.

बाजारात डिसेंबरात मिळणाऱ्या बहुतेक बाहुल्या नुसत्या शोभेच्या. मला त्या पटत नाहीत. जर्मनीतल्या एर्ट्सगेबिर्गे डोंगराळ भागात, झायफेन गावी विल्हेल्म फ्युख्टनर यांनी 1870 च्या सुमारास खरादावर हे नटक्रॅकर करायला घेतले, ते दाणे फोडणारेच होते. राजे, शिपाई, पोलीस असे रुबाबदार लोक, आणि कामाला लावलेले लोकांचे दाणे फोडायला! माझा खर्रेवाला त्यांच्या पंगतीत कसा, असं एका मित्राने विचारलं. आमच्या गल्लीत त्याच्याहून मोठा अधिकारी दाखवा.

चाचणी: भुईमुगाची शेंग सहज, कागदी अक्रोड थोड्या कुरकुरीने. सुपारी मात्र अजिबात नाही, आणि फुटणारही नाही. सुपारी दाबून फोडायची नसते, पात्याने कातरायची असते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. म्हणजे सुपारी न फुटणारा खर्रेवाला! मला तर हे आवडलंच.

आता रंग आणि मिशी उरली. झायफेनवाले सशाची लव लावतात. मी नारळाच्या काथ्याचे धागे विंचरून काळे रंगवतोय. डिंकाने चिकटवले तर जबड्याच्या हालचालीने सुटतात, म्हणून वरच्या ओठात बारीक खाच पाडून त्यात दाबणार आहे. उजव्या हातात खर्र्याची पन्नी द्यायची की घोटायची पाटी, तेवढं सुचवा.