फॉन्ट मोठा केला की वेलांटी का कापली जाते?

वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे स्क्रीन आपोआप बदलायला दरवेळी एआय लागत नाही. अक्षर मोठं हवं, हालचाल नको, रंग ठळक हवेत, हे माणसाने फोनच्या सेटिंगमध्ये आधीच सांगून ठेवलेलं असतं. अ‍ॅप किंवा साइट बनवणारे म्हणून आपलं काम त्याच्या आड न येण्याचं. 'एक ओळ कोड टाका, साइट सुगम (अपंगांनाही वापरता येईल अशी)' म्हणणाऱ्या विजेटच्या, म्हणजे साइटवर बसवायच्या तयार साधनाच्या, नादी लागू नका. असे दावे करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

मराठी स्क्रीन सगळ्यात आधी फुटते ती फॉन्टवर. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. बटणाची उंची ४८ डीपीवर (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) बांधून टाकलेली असेल, तर 'नोंदणी पूर्ण करा'मधली वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, 'पू'चा ऊकार खालून. चाचणी इंग्रजीत झाली असेल तर हे निसटतं, कारण रोमन अक्षरांना वरखाली एवढी जागा लागत नाही. उंचीऐवजी किमान उंची द्या आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. वेबवर अक्षराचं माप पिक्सेलऐवजी रेममध्ये (ब्राउझरच्या फॉन्टच्या मापावर चालणाऱ्या एककात) द्या, नाहीतर ब्राउझरमध्ये निवडलेला मोठा फॉन्ट पानाला कळतच नाही.

वाचायला सोपं जावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायचा सल्ला रोमन लिपीपुरता ठीक आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवा.

'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन', म्हणजे वापरणाऱ्याने 'हालचाल कमी' निवडल्याची वेबला मिळणारी खूण, लागू असताना अ‍ॅनिमेशन सरसकट बंद करू नका. ते संपल्याची वाट बघणारा कोड असेल तर खिडकी बंदच होत नाही, अडकून बसते. कालावधी ०.०१ मिलिसेकंद ठेवला की भागतं.

विंडोजच्या कॉन्ट्रास्ट थीममध्ये, म्हणजे ठळक रंगांच्या सेटिंगमध्ये, ब्राउझर सावल्या काढून टाकतो. फोकसची चौकट (आत्ता निवडलेल्या बटणाभोवतीची) सावलीने काढली असेल तर कीबोर्ड वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच दिसत नाही. त्यासाठी २ पिक्सेलची पारदर्शक आउटलाइन (बाहेरची रेघ) देऊन ठेवा. थीम लागली की ती आपोआप रंगते.

आणि पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) लिहा. ती नसली की स्क्रीन रीडर (स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा हिंदी आवाजात वाचतो, आणि 'चाक'मधला च 'चहा'सारखा ऐकू येतो.