डोकं बाजूला ठेवून

‘डोकं बाजूला ठेवून बघ, मजा येईल,’ असं सांगत हाणामारीच्या सिनेमाला ओढून नेणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. सल्ला प्रेमाचा असतो, पण मला तो कधी पाळता आलेला नाही. पावसाकडे दहा मिनिटं एकटक बघणाऱ्या पुरस्कारप्राप्त सिनेमात माझं डोकं सुखानं पेंगतं. गाड्या उडायला लागल्या की मात्र ते खडबडून जागं होतं. याच्या पिस्तुलात गोळ्या किती उरल्या? मगाशी पडलेली चावी कुणी उचलली? याच्या उजव्या खांद्याला गोळी लागली होती ना, मग त्याच हातानं हेलिकॉप्टरला लटकतोय कसा? बिनडोक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेमाइतका हिशेब मला दुसरं कुणी करायला लावत नाही.

या बाबतीत ‘फास्ट अँड फ्युरियस’ला तोड नाही. 2001 साली ही सिनेमांची मालिका सुरू झाली तेव्हा तिची ऐपत बेताची होती, म्हणजे हॉलिवूडच्या मानानं बेताची, 3.8 कोटी डॉलर. गोष्टही तशीच आटोपशीर. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रात्री शर्यती लावणारी पोरं धावत्या ट्रकमधून डीव्हीडी प्लेअर चोरतात, आणि त्यांना पकडायला आलेला पोलीस त्यांच्यातलाच एक होऊन बसतो. वीसेक वर्षांत हीच मंडळी जग वाचवू लागली आणि खर्च 30 कोटी डॉलरच्या पुढे गेला. डीव्हीडी प्लेअर ते अंतराळ असा प्रवास अजून इस्रोलाही जमलेला नाही.

सहाव्या भागात, 2013 साली, एक मालवाहू विमान धावपट्टीवर सुटतं आणि नायकाची टोळी गाड्या घेऊन त्याच्या मागे लागते. विमान उडू बघतंय, गाड्या त्याला लोखंडी दोरांनी खाली ओढतायत, आत मारामारी, पंखांवर मारामारी. हे सगळं दहा मिनिटांहून जास्त वेळ चालतं आणि धावपट्टी काही संपत नाही. विमानाचा वेग ताशी दीडशे किलोमीटर धरला तरी दहा मिनिटांत पंचवीस किलोमीटर होतात. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. तिथं हेच केलं असतं तर विमान ठाणं ओलांडून डोंबिवलीच्या अलीकडे येऊन पोचलं असतं, तेही अजून जमिनीवरच. हा हिशेब मी सिनेमा चालू असतानाच केला आणि माझी मजा एका पैशानं कमी झाली नाही. उलट वाढली.

कारण अशा सिनेमाचा आणि आपला एक करार असतो. तू मला एक थाप मार, मी ती गिळतो. पण त्या थापेच्या आत तू चोख वाग. धावपट्टी अनंत आहे? बरं, आहे. पण मग विमानाला बांधलेली गाडी हवेत उचलली गेल्यावर आतल्या माणसाचं काय होतं ते मला नीट दाखव. मायकेल बेच्या ‘आर्मागेडन’मध्ये (1998) पृथ्वीवर आदळायला निघालेल्या लघुग्रहाला भोक पाडायला तेलविहिरी खणणारे मजूर अंतराळात पाठवतात. त्यातला नट बेन ॲफ्लेक, त्यानं म्हणे दिग्दर्शकाला विचारलं होतं, अंतराळवीरांना खणायला शिकवणं जास्त सोपं नाही का? त्यावर मायकेल बेनं त्याला गप्प बसायला सांगितलं. हा किस्सा खुद्द ॲफ्लेकनंच त्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सांगितला आहे. मला यात बेचं काही चुकलं असं वाटत नाही. करारावर सही झाल्यावर कलमं काढत बसायचं नसतं.

या मालिकेनं करार सगळ्यात इमानानं पाळला तो पाचव्या भागात, 2011 साली. रिओमधल्या पोलीस ठाण्यातली अख्खी तिजोरी दोन काळ्या डॉज चार्जर भिंत फोडून बाहेर ओढतात आणि शहरभर फरफटत नेतात. (रिओ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं पोर्तो रिकोमधलं सान हुआन आहे.) या प्रसंगाला वजन आहे, अगदी शब्दशः. गाड्या वळल्या की तिजोरी मागाहून, आपल्या मर्जीनं वळते. ती बँकेच्या दर्शनी भागात घुसते, खांब पाडते, उभ्या गाड्या चेपते. दोर ताणले जातात, टायर जागच्या जागी धूर ओकतात. चित्रीकरणासाठी त्यांनी वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या तिजोऱ्या बनवल्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या पोटात इंजिन आणि चालक होता. म्हणजे कुणीतरी एक माणूस तिजोरीत बसून तिजोरी चालवत होता. घरी गेल्यावर आज काय काम केलं म्हणून सांगत असेल?

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. टीव्हीवर हिंदीत लागलेला हा भाग ते उभ्याउभ्याच बघायला लागले आणि मग बसले. ‘ॲक्सल तुटेल,’ म्हणाले. थोड्या वेळानं, ‘हुक चेसिसला लावलाय का बंपरला?’ त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही. ज्या वस्तूला वजन नाही तिच्या ॲक्सलची काळजी कुणी करत नाही.

नवव्या भागात (2021) याच टोळीतले दोघं एका जुन्या पाँटियाक फिएरोला रॉकेट बांधून अंतराळात गेले, तेव्हा बाबा पेपर वाचत होते. माझंही तेच झालं. गाडी अंतराळात जाणं अशक्य आहे म्हणून नव्हे. धावपट्टीसुद्धा अशक्यच होती की. पण अंतराळात गाडी कशावरही घासत नाही, टायरला काम नाही, ब्रेकला काम नाही. मग ती गाडी कशाला हवी? पडद्यावर काहीही दाखवता येतं म्हणून सगळं दाखवलं की कशालाच किंमत उरत नाही. पैसे जास्त ओतले की सिनेमा हलका होतो, हा या धंद्यातला विचित्र नियम आहे.

मरणाचीही तीच गत. टोळीतली लेटी मेली, परत आली. हान मेला, परत आला. सहाव्या भागातल्या त्या विमानाच्या मारामारीत खाली पडलेली जिझेलसुद्धा दहाव्या भागाच्या शेवटी परत आली. हानला ज्यानं मारलं तो शॉ मधल्या काळात यांच्याच पंगतीला बसून जेवून गेला होता. एकीकडे हा उदारपणा, दुसरीकडे या सिनेमातले बडे नट आपण कुणाकडून किती मार खायचा याबद्दल कमालीचे दक्ष. एकाची बहीण म्हणे सेटवर ठोसे मोजते, असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं 2019 साली छापलं होतं. म्हणजे मारामारी का अनिर्णित राहते, याचं उत्तर पटकथेत नव्हे, वकिलाच्या फायलीत शोधायचं.

आणि तरीही सातवा भाग (2015). पहिल्या भागातला तो पोलीस रंगवणारा पॉल वॉकर चित्रीकरण अर्ध्यावर असताना वारला. त्याच्या दोन भावांना उभं करून, संगणकानं चेहरा बसवून सिनेमा पुरा केला. याच भागात दहा हजार फुटांहून उंचावरून खरोखरच्या गाड्या विमानातून खाली सोडल्या होत्या, पण थिएटरबाहेर त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. शेवटी दोन गाड्या बरोबरीनं जातात आणि रस्त्याला फाटा फुटतो, बस्स. माझ्या पुढच्या रांगेतली टवाळ कॉलेजची पोरं नाकं ओढत होती.

या सिनेमांच्या शेवटी नावांची जी न संपणारी यादी सरकते ती मी बघत बसतो. त्यात अलीकडे कुलकर्णी, पाटील, शिंदे, सावंत हमखास दिसतात, कारण हॉलिवूडच्या दृश्यपरिणामांचं बरंच काम मुंबईतही होतं. सगळं जग वाचवून झाल्यावर सफाई कामगार झाडू घेऊन उभे असतात, आणि पडद्यावर आपल्याच कुणा सावंतचं नाव वर चाललेलं असतं. त्यानं बहुधा कित्येक महिने बसून नटांना लटकवणाऱ्या कमरेच्या तारा चित्रातून पुसल्या असतील.

धावपट्टीचं खोटं मला चालतं. दुसरं एक खोटं चालत नाही. ‘सिंघम’ (2011) बघताना गाड्या हवेत कोलांट्या मारतात त्याला माझी हरकत नाही. हा मराठी इन्स्पेक्टर गोव्यात बदलून जातो, दिव्याचा खांब उपटून गुंडांना बडवतो, तेही झकास. शेवटी मात्र सगळे पोलीस मिळून खलनायक जयकांत शिक्रेला चौकीत आणून गोळी घालतात आणि ते झाकायला बनाव रचतात. थिएटरभर शिट्ट्या, माझ्या रांगेतही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2023 साली एका भाषणात याच सिनेमाचं नाव घेऊन, असल्या झटपट न्यायातून घातक संदेश जातो, असं म्हटलं होतं. गुरुत्वाकर्षण मोडलं म्हणून प्रेक्षक घरी जाऊन गच्चीवरून उडी मारत नाही. पण चकमकीच्या बातमीखाली ‘बरं झालं’ असं लिहिणारी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत, आणि ती सगळी एरवी सिग्नलला थांबतात.

दहावा भाग (2023) आम्ही घरीच बघितला. सव्वादोन तासांच्या वर चाललेल्या गोंधळानंतर नायक मुलाला घेऊन धरणाच्या उभ्या भिंतीवरून गाडी खाली घालतो, मागे टँकर फुटतात. ‘ब्रेक ऑइल उकळलं असतं,’ एवढंच बाबा म्हणाले आणि पुढे सरकून बसले. खाली पोचल्यावर कळतं की धरणातच स्फोटकं पेरलेली आहेत. खलनायक बटण दाबतो. आणि सिनेमा संपतो, उरलेलं पुढच्या भागात.

‘संपला?’ बाबांनी मला विचारलं, जणू मीच कापला होता. ‘भिंतीवरून गाडी उतरवली ते मी सोडून दिलं. पण गोष्ट अर्धी ठेवायची म्हणजे काय? तिकिटाचे पैसे पूर्ण घेतात ना?’