तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज काढून पोराला इंजिनिअरिंगला घालू का?

जून-जुलैत कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची, गडबड सुरू झाली की हा प्रश्न मला बँकेत विचारतात, लग्नात विचारतात, गणपती पेठेत पिशवी हातात धरून उभं राहून पण विचारतात. "ताई, फी एवढी वाढलीय, कर्ज काढून घालू का, आणि चार वर्षांनी नोकरी लागंल का?" मी सांगलीत शैक्षणिक कर्जाचं काम बघते म्हणून. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पोराला आवड असेल तर घाला. फक्त कर्ज किती काढायचं ते तेजीतल्या पॅकेजकडे बघून ठरवू नका, मंदीत जो पगार मिळेल त्यावरून ठरवा.

आधी फीचं बघू. वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं, पण तेव्हा जागाच मोजक्या होत्या. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं, आणि शेतकऱ्याच्या पोराला पहिल्यांदा वाटलं की आपणपण इंजिनिअर होऊ शकतो. हा निर्णय आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा, आणि मला तो आजपण मोठा वाटतो. पण विनाअनुदानित म्हणजे प्राध्यापकांचे पगार, लॅब, वीजबिल सगळं फीतूनच निघणार. शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवतं ते कॉलेजचा खर्च बघूनच, त्यामुळं महागाई वाढली, पगार वाढले की फी वाढणारच. आणि वाढते ती नेमकी कुणाच्या खिशातून, तर ज्याचं उत्पन्न दरवर्षी सारखं नसतं त्याच्या.

मागं तासगाव भागातले एक द्राक्षवाले आले होते. पहिल्या वर्षाची फी बेदाण्याच्या पैशातून भरली, दुसऱ्या वर्षी ऐन छाटणीनंतर पाऊस झाला, दावण्या रोग आला, बाग गेली. कागदांच्या पिशवीत सातबारा, सोसायटीच्या कर्जाचा उतारा आणि पोराची मार्कशीट एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेली. त्यांना मी पहिलं विचारलं की लागणार किती? म्हणाले, "बसतंय तेवढं बसवा की." तारण न देता साडेसात लाखापर्यंत मिळतं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तारण लागत नाही म्हणून गरजेपेक्षा जास्त काढायचं, हे मी फार घरांत बघते आणि मला खरंच त्याची काळजी वाटते, कारण फेडायचं त्या बावीस वर्षाच्या पोरालाच असतं.

हिशोब बघा. दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत सहा लाख घेतले, सरळव्याज दहा टक्के धरा, शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नाही. या काळात व्याजाचा एक रुपया भरला नाही तर हप्ते सुरू होताना बाकी आठ लाख दहा हजार झालेली असते, आणि दहा वर्षांसाठी महिन्याला साधारण १०,७०० चा हप्ता बसतो. तेच व्याज त्या त्या महिन्यात भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे, चौथ्या वर्षी पाच हजार, तर मुद्दल सहा लाखच राहतं आणि हप्ता ७,९०० च्या आसपास. साडेतीन लाखाच्या पॅकेजला हातात पंचवीस-सव्वीस हजार येतात, पुण्यात रूम आणि मेस भागवून दहा-अकरा हजाराचा हप्ता म्हणजे पोरगं घरून पैसे मागणार. बरं दर पण फिरता असतो, रिझर्व्ह बँकेचा रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, २०२० मध्ये चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला, २०२५ मध्ये परत उतरला. हप्ता ठरवताना दीड-दोन टक्क्यांची जागा ठेवाच.

आता नोकरी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला, तिथल्या कंपन्यांनी आयटीवरचा खर्च आवरला, आणि इकडं २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं तेरा हजारांनी कमी झाली, इन्फोसिसची जवळपास सव्वीस हजारांनी. त्याआधी दोनच वर्षं हेच लोक फ्रेशर धडाधड घेत होते. यात विश्रामबागच्या पोराची काय चूक? त्यानं ॲडमिशन तेजीत घेतली, बाहेर पडला मंदीत.

आमच्याकडं कर्ज असलेल्या एका मुलाचं तसंच झालं, ऑफर लेटर हातात, जॉइनिंगची तारीखच येईना. आई म्हणायची थांब, मोठी कंपनी आहे. मी त्याला म्हणलं थांबू नकोस, कुपवाड एमआयडीसीत जे मिळेल ते धर. एका कारखान्यात क्वालिटीला लागला, मायक्रोमीटर घेऊन पंपाचे पार्ट तपासायचे, पगार अठरा हजार. पण रिकाम्या वर्षापायी सीव्हीत भोक पडलं नाही, पुढं त्याच अनुभवावर पुण्यात चांगल्या ठिकाणी गेला. कॅनडातल्या पदवीधरांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यातपण हेच दिसलं. मंदीत बाहेर पडलेल्यांचा सुरुवातीचा पगार साधारण नऊ टक्के कमी, पाच वर्षांत तो फरक निम्मा, दहा वर्षांत जवळपास मिटलेला, आणि सावरले ते बरेचसे चांगल्या कंपनीत उडी मारून. म्हणून पहिल्या पगारावर रडू नका, पण पहिली चार-पाच वर्षं हप्ता झेपेल एवढंच कर्ज ठेवा. आपल्याकडं १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे, मिरज-कुपवाडला फाउंड्री, मशीनशॉप आहेत, मेकॅनिकलच्या पोरांनी हे हलकं समजू नये.

मुलीचं मात्र वेगळं सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅपमधून ॲडमिशन घ्यायची आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. हॉस्टेल-मेसचा खर्च उरतो, तेवढ्यापुरतं कर्ज काढलं तर दीड-दोन लाखात भागतं. तरी पोराला कर्ज काढून इंजिनिअरिंग आणि पोरगीला "फी झेपत नाही" म्हणून गावातच बीएस्सी, असं ठरवून आलेली घरं अजून भेटतात. अशांना मी पोराचा फॉर्म बाजूला ठेवायला लावते आणि आधी लेकीचे मार्क विचारते.