यंदा अर्ज का भरला नाही, तर…

"वकीलसाहेब, यंदा नगरपालिकेला उभे का नाही राहिलात?" सलूनमध्ये विचारून झालं, कोर्टाच्या आवारात झालं, परवा एका लग्नात हातात अक्षता असताना झालं. तिकीट कापलं, पैसे संपले, समोरच्याशी सेटिंग झाली, अशी उत्तरंही गावानंच तयार ठेवलीत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

2016च्या निवडणुकीत मी नगरसेवक झालो, मुदत संपल्यावर पालिकेवर प्रशासक बसला, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. वकील नगरसेवक म्हणजे गावाचा फायदा, हे मीच भाषणात सांगायचो. सरदार पटेल 1924मध्ये अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, तेही वकीलच! त्याच्या आधीच त्यांनी वकिली सोडली होती, एवढं मात्र गाळायचो.

स्टँडजवळचा रस्ता रुंद करायचा ठराव आला तेव्हा अनुमोदक मी होतो. टपरीवाले मनाई हुकूम आणतील अशी सगळ्यांना धास्ती. मी उठून म्हणालो, "आधीच कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा, आपलं ऐकल्याशिवाय हुकूम होणार नाही, 90 दिवस निर्धास्त." बाकं वाजली. पथविक्रेत्यांचा 2014चा कायदा मला पाठ होता. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय जुन्या विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि आपलं सर्वेक्षण अर्धवट पडलं होतं. ते एक वाक्य मी बोललो नाही. बोललो असतो तरी ठराव बहुमतानं झालाच असता, हे मी स्वतःला बरेचदा सांगतो. खरं म्हणजे बाकं वाजत होती.

महिन्याभरानं रात्री साडेनऊला चहाच्या टपरीवाले काका घरी आले. माझे अगदी सुरुवातीचे पक्षकार. भावकीच्या वाटणीचा दावा मी चालवला होता, फीऐवजी दोन वर्षं चहा प्यायलो होतो. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी पालिकेची नोटीस काढली आणि तिच्याखालून कोरं वकीलपत्र. "सही केलीय साहेब. बाकीचं तुम्ही भरा."

मी कलम 44 समजावलं. नगरसेवकानं पालिकेच्या बाजूनं किंवा विरुद्ध वकीलपत्र घेतलं तर पद जातं.

"मग पद सोडा की."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मित्राकडे पाठवलं. दावा दाखल झाला, निशाणी 5चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज सुनावणीला आला, तेव्हा मी त्याच कोर्टात दुसऱ्या तारखेसाठी बसलो होतो. कॅव्हेट असल्यामुळे पालिकेला ऐकल्याशिवाय हुकूम नाही, आणि पालिकेच्या वकिलांना म्हणणं द्यायला मुदत हवी होती. मित्रानं ठरावाची नक्कल वाचायला घेतली. अनुमोदकापाशी थांबला, मग माझं नाव ॲडव्होकेटसकट वाचलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काका मागच्या बाकावर होते, त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला.

रस्ता चांगला झाला, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. ॲम्ब्युलन्स अडकत नाही. पुन्हा ठराव आला तर अनुमोदन देईन. ते वाक्य बोलेन का? बोलेन असं वाटतं. पण तेव्हाही, सभेला जाताना, मला असंच वाटत होतं.

काकांची हातगाडी आता कोर्टाच्या फाटकासमोर असते. रोज तिथंच पितो. दहाची नोट देतो. ते घेतात, आणि सुटे मोजून माझ्या हातावर ठेवतात.