उत्तर १७१, पण कुठल्या वाटेने?

कोडं ओळखीचं: १ जानेवारी १९०१ ते ३१ डिसेंबर २००० या काळात किती महिन्यांची १ तारीख रविवारी आली? प्रोजेक्ट ऑयलर या प्रोग्रॅम लिहून सोडवायच्या गणिती कोड्यांच्या संकेतस्थळावर हे १९ वं. हाताशी एवढंच, की १ जानेवारी १९०० ला सोमवार होता. उत्तर १७१. पण १२०० महिन्यांना ७ ने भागलं तरी १७१.४ येतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिली आवृत्ती अगदी साधी. १९०० पासून महिन्यामागून महिना जायचं, १ तारखेचा वार आधी तपासायचा, मग त्यात महिन्याचे दिवस मिळवून ७ ने भागून बाकी ठेवायची. १९०० सालही मोजलं गेलं तर १७३ येतात, कारण त्या वर्षी एप्रिल आणि जुलै रविवारी सुरू झाले. ही चूक लगेच दिसते.

न दिसणाऱ्या चुकांसाठी प्रोग्रॅम मुद्दाम बिघडवून चालवला. १९०० ला लीप वर्ष धरलं, म्हणजे १९०१ मंगळवारऐवजी बुधवारी सुरू झालं आणि पुढचा एकूण एक वार चुकला. उत्तर १७१! मग शंभरचा नियम (शंभराने भाग जाणारं वर्ष साधं) ठेवून चारशेचा (चारशेने भाग गेला तर मात्र लीप) काढला, २००० साधं वर्ष झालं. ऑक्टोबर गळला, मे आला, बेरीज पुन्हा १७१. तिसरी गंमत वारांच्या अंकांची. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, वाराचा अंक देणाऱ्या वीकडे फंक्शनमध्ये सोमवार ०, रविवार ६. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत रविवार ०, शनिवार ६. पायथनच्या सवयीने जावास्क्रिप्टमध्ये ६ शोधला तर शनिवार मोजले जातात, आणि तेही १७१ च. उलटी चूक, पायथनमध्ये ० शोधणं, सोमवार मोजते आणि १७२ देते. निदान ती तरी पकडली जाते.

कारण कागदावरही काढता येतं. या शतकात चौथं वर्ष लीप, हा क्रम कुठेच मोडत नाही, त्यामुळे दर २८ वर्षांत ३३६ महिने आणि प्रत्येक वाराच्या वाट्याला बरोबर ४८. अशी तीन आवर्तनं म्हणजे १४४. उरतात १९८५ ते २००० ही १६ वर्षं. त्यांत रविवार २७, शनिवार २७, सोमवार २८.

तेव्हा नुसती बेरीज जुळवून भागत नाही, महिनेही छापून बघावेत. १९०१ मध्ये सप्टेंबर आणि डिसेंबर यायला हवेत. जून आला तर १९०० लीप धरलंय किंवा शनिवार मोजताय. २००० मध्ये फक्त ऑक्टोबर.

त्याहून कडक चाचणी १६०१ ते २००० अशी ४०० वर्षांची. दिवस १४६०९७, म्हणजे नेमके २०८७१ आठवडे, त्यामुळे १ जानेवारी १६०१ ला सोमवार तसा १ जानेवारी २००१ लाही सोमवारच यायला हवा. फक्त चारचा नियम असेल तर १४६१०० दिवस होतात आणि वार तीन घरं पुढे जातो. रविवारी सुरू होणारे महिने ६८८, शनिवारी सुरू होणारे ६८४. इथे अंकांचा घोळ लपत नाही. (रविवारी सुरू झालेल्या महिन्यात १३ तारीख शुक्रवारीच येते, म्हणजे १३ तारखेचे शुक्रवार मोजायचं कोडंही फुकटात सुटलं.)

आता महिन्यामागून महिना जाणारी फेरी काढून सूत्र बसवलंय, त्यात व म्हणजे वर्ष, त म्हणजे महिन्याचा ठरलेला अंक, द म्हणजे तारीख: (व + व/४ − व/१०० + व/४०० + त + द) भागिले ७, बाकी ० म्हणजे रविवार. त चे अंक जानेवारीपासून ०, ३, २, ५, ०, ३, ५, १, ४, ६, २, ४. जानेवारी-फेब्रुवारीसाठी व एकने कमी. १ जानेवारी १९०० साठी १८९९ + ४७४ − १८ + ४ + ० + १ = २३६०, बाकी १, सोमवार. भागाकार पूर्णांकीच हवा. पायथन ३ मध्ये एकच तिरकी रेघ दिली की अपूर्णांक शिरतो. पडताळा एक्सेलमध्ये घेऊ नका. तिथे २९ फेब्रुवारी १९०० अस्तित्वात आहे, त्यामुळे १ जानेवारी १९०० रविवार दाखवतो.

पुढचं काम जुन्या तारखांचं. जुनं ज्युलियन कॅलेंडर जाऊन नवं ग्रेगरियन आलं तेव्हा ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला, पण पायथन नवं कॅलेंडरच मागे ओढतो आणि ४ ऑक्टोबरला सोमवार सांगतो. तिथे ज्युलियन नियमाची वेगळी शाखा लागेल.